नवले सरांची गुंफलेली बोटं

मेहुण्याच्या लग्नाला दोन दिवस रजा हवी असेल, तर माणूस तेवढंच लिहितो. नवले सर त्यापुढे इंग्रजीत हेही लिहायचे, की नवरानवरी मांडवातून 'विथ देअर फिंगर्स लेस्ड टुगेदर', म्हणजे बोटांत बोटं गुंफून, चालत येतील. लग्न अजून व्हायचं असायचं.

आमच्या कोल्हारच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे, मी मराठी. मूळचे भंडारदऱ्याकडचे, इथे एकटेच राहायचे. हे एक वाक्य त्यांच्या हातून कुठल्याही कागदावर उतरायचंच. स्नेहसंमेलनाच्या अहवालात, सहलीच्या परिपत्रकात, कुठेही.

"नुसतं 'हात धरला' म्हंजी काय, बाई?" ते मला विचारायचे. "रस्ता ओलांडताना लेकराचा धरतात तसा, का चोराचा धरतात तसा? हितं बघा, बोटांत बोटं गुंफलेली दिसतात."

"मराठीतही गुंफतात की, सर."

"गुंफत असतील. लिहीत न्हाई कुनी."

हे वाक्य घातलं की अर्धा मार्क जास्त मिळतो, हे मुलांनी हेरलं होतं. एका पोरीच्या निबंधात गाय आणि वासरू बोटांत बोटं गुंफून चरायला गेली होती. सरांनी तिलाही अर्धा मार्क दिला.

चालताना त्यांचा डावा हात अंगापासून जरा लांब असायचा, बोटं फाकवलेली. जिना उतरताना ते डावीकडे एका माणसाची जागा सोडायचे. आम्ही हसायचो.

हसणं थांबलं ते आमच्या क्लार्क भाऊसाहेबांचे वडील वारले तेव्हा. शाळेचं सांत्वनपत्र सरांनी लिहिलं: वडील आता शांत वाटेने चालले असतील, पत्नीच्या बोटांत बोटं गुंफून. अडचण एवढीच, की पत्नी हयात होत्या. हेडसरांनी ते दाखवलं, तर सर म्हणाले, "वाक्य चांगलं झालंय, राहू द्या." आणि पत्र गेलं.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी भरदुपारी ओट्यावर शेंगा सोलता सोलता भाऊसाहेबांच्या आई गेल्या. दुखणं काही नव्हतं. भाऊसाहेब मला हळू आवाजात म्हणाले, "बाई, मूठ मिटलेली नव्हती. बोटं अशी फाकलेली हुती. मधी कुनीतरी आपली घातल्यावानी."

पुढे एका निवृत्त शिक्षकांच्या मानपत्रात सरांनी त्यांना त्यांच्या दिवंगत थोरल्या भावाबरोबर असंच चालवलं. पंधरा दिवसांत तेही गेले.

मग सरांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. ते पेन उघडायला लागले, की कुणीतरी आपल्या नावाच्या कागदावर हात ठेवायचं. हेडसरांनी त्यांच्याकडून पत्रं लिहून घेणं बंद केलं.  सर डबाही वर्गात बसून खाऊ लागले.

त्याच सुमारास माझे वडील गेले. आठव्या दिवशी पोस्टाने पत्र आलं. कुणी न सांगता सरांनी स्वतःच लिहिलं होतं. आईला इंग्रजी येत नाही. तिच्या आग्रहाने मी मोठ्याने वाचत अर्थ सांगत गेले आणि ओघात त्या वाक्याचाही सांगून बसले. वडिलांच्या बोटांत आईची बोटं होती. आई म्हणाली, "किती छान लिव्हलंय गं." तिने पत्र देव्हाऱ्यात ठेवलं.

रविवारी दुपारी ते पत्र गुपचूप उचलून मी सरांकडे गेले. प्रवरेच्या बाजूला त्यांची एक खोली होती. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

"सर, हे वाक्य खोडा."

त्यांनी कागद हातात घेऊन ते वाक्य वाचलं. मग म्हणाले, "बाई, तुमी बी?"

उठून त्यांनी कपाट उघडलं. वरपासून खालपर्यंत दोनशे पानी वह्या. मी एक उघडली, मग दुसरी. पानापानावर, ओळीओळीला, वळणदार अक्षरात एकच वाक्य. 'मंदा अँड आय, विथ आवर फिंगर्स लेस्ड टुगेदर.'

"मंदा माझी बायको. बाळंतपणात गेली, लेकरू बी गेलं. अकरा वर्सं झाली. शेवटाला माझा हात असाच धरून हुती. नर्सबाईंनी एकेक बोट सोडवलं." ते वहीवरून हात फिरवत होते. "रोज पानंच्या पानं लिवतो. लिवून कुनी नेत असतं, तर मी हितं बसलो असतो का, बाई?"

मला माझीच लाज वाटली. मी पत्राची घडी घातली. खोडायला दिलं नाही. दारापर्यंत आले तेव्हा मागून सरांचा आवाज आला.

"बाई... आईंचं काही बरंवाईट झालंच, तर मला कळवाल?"

मी वळून पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, वहीकडे बघत होते.

याला आता दोन वर्षं झाली. पत्र परत देव्हाऱ्यात आहे आणि आई ठणठणीत आहे. शाळेत मी आता सरांच्या शेजारी बसते. दर सोमवारी ते विचारतात, "आई बऱ्या हायेत ना?"

"बऱ्या आहेत, सर."

"चांगलं, चांगलं," ते म्हणतात. अगदी मनापासून म्हणतात. आणि निकालाच्या यादीत आपलं नाव न सापडलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा क्षणभर उतरतो.