अण्णासाहेबांचा मुका हॉर्न

बंद पडलेला कसलाही हॉर्न अर्ध्या तासात बोलता करून दाखवतो, असं मी छातीठोकपणे म्हणालो, तेव्हा हॉर्नच्या पोटात काय असतं हे मी बापजन्मात पाहिलं नव्हतं. कंपनीत माझं काम पॅकिंगचं. म्हणजे लाकडी खोक्यांना खिळे ठोकायचे. पण गळ्याशी आलं की माणसाला सगळं येतं, निदान तसं वाटायला तरी लागतं.

साल चौऱ्याहत्तर. पिंपरीच्या एका कारखान्यात मी टेम्पररी होतो. पर्मनंट व्हायला पंधरा दिवस राहिले होते आणि सगळं फोरमन अण्णासाहेबांच्या सहीवर अडलं होतं. नेमका त्याच महिन्यात त्यांच्या जुनाट मोटारसायकलचा हॉर्न गेला.

फोरमनच्या हॉर्नशी तुझा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. सांगतो. साहेब दुपारी जेवायला चिंचवडला घरी जायचे. परत आले की धोंडीबा वॉचमनने फाटक उघडावं म्हणून हॉर्न वाजवायचे. मशिनींच्या खडखडाटात गाडी ऐकू यायची नाही, पण तो हॉर्न बरोब्बर यायचा. रेड्याला चिमटा काढल्यासारखा आवाज होता त्याचा. तो आला की डबा खाऊन आडवी झालेली आमची अख्खी शेड उठायची, बिड्या विझायच्या, आणि साहेब आत येईपर्यंत जो तो कपाळावरचा घाम पुसत असायचा. घाम कुठून आणायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न.

मला ती झोप औषधासारखी लागायची हो. दापोडीला आमच्या एका खोलीत पाच महिन्यांचं बाळ. ते रात्रभर जागं, म्हणून मी आणि माझी बायको कौशल्याही जागे. दुपारी खोक्यांच्या मागे वीस मिनिटं पाठ टेकली नाही तर हातोडी खिळ्याऐवजी बोटावर पडायची.

हॉर्न मुका झाला आणि साहेब मांजराच्या पावलांनी यायला लागले. आठवड्यात मी दोनदा सापडलो. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "ज्योतीराम, तिसऱ्यांदा असा दिसलास तर पर्मनंटचं विसर. गेटपास घ्यायचा आणि घरी जायचं."

त्याच संध्याकाळी मी त्यांना गाठलं.

"साहेब, रविवारी घरी येऊन हॉर्नचं बघू का? अर्ध्या तासात बोलता करून दाखवतो."

"तुला रे एवढी कसली काळजी?"

"मुंबई-पुण्याचा रस्ता आहे साहेब. ट्रकवाले अंगावर घालतात. तुमचं काही बरंवाईट झालं तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

साहेबांचे डोळे पाणावले. मला लाज वाटली, पण झोप त्याहून जास्त आली होती.

रविवारी सकाळी मी दोघांना घेऊन चिंचवडला हजर झालो. एक जयसिंग, कंपनीतला इलेक्ट्रिशियन. दुसरा चिमाजी, देहूकडचा फिटर. दोघेही त्याच महिन्यात एकेकदा सापडलेले, त्यामुळे फार आग्रह करावा लागला नाही. साहेबांच्या पत्नी यशोदाबाईंनी पोहे दिले. पोहे संपले आणि तिढा पडला.

"उघड झाकण," जयसिंग टेस्टर हातात घेऊन म्हणाला.

"तूच उघड की."

"स्क्रू फिटरचा, राव. मी फक्त वायरीला हात लावतो."

चिमाजीने स्क्रू काढले, झाकण उचललं, आत वायर दिसताच हात मागे घेतला. "ह्ये माझं न्हाई."

"अरे बाबांनो, ही कंपनी नाही, साहेबांचं अंगण आहे," मी कळवळून म्हणालो.

"आज हितं केलं तर उद्या तिथं बी करायला लावत्याल," चिमाजी म्हणाला. यावर जयसिंगनेही मान डोलावली. कामाची वाटणी मोडायची नाही यावर मात्र दोघांचं एकमत.

आत वीज जुळते त्या पॉइंटवर काळा थर साचला होता. तो घासणं ना फिटरचं काम ना इलेक्ट्रिशियनचं, म्हणजे ते हेल्परचं, म्हणजे माझं. पॉलिश पेपरने घासून मी बोटं सोलून घेतली. हॉर्न बॅटरीला थेट लावला तर खणखणीत वाजला. गाडीवर बसवला तर पुन्हा मूग गिळून गप्प. म्हणजे वायर तुटलेली. जयसिंगने हॅंडलमधून नवी वायर ओवली. वर क्लिप आवळायची राहिली होती, आणि चिमाजी तंबाखू मळत होता. म्हटलं, एवढं तर मी करू शकतो.

मी जरा जास्तच आवळली. वायर सोलली गेली, हॅंडलच्या लोखंडाला चिकटली, आणि हॉर्न सुरू झाला. बटणावर कुणाचंही बोट नाही तरी तो आपला वाजतोय. थांबायचं नाव नाही.

"बॅटरी सोडव," मी जयसिंगच्या कानात ओरडलो.

"बॅटरी माझी, पण तिच्यावरचा नट ह्याचा!"

"नट माझा, पन बॅटरीला हात लावायची मला परवानगी न्हाई," चिमाजी शांतपणे म्हणाला.

शेजारच्या गिरजाबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि कुणाचं काय झालं म्हणून विचारू लागल्या. साहेब कानांवर हात ठेवून अंगणात गोल फिरत होते. माझ्या डोळ्यांसमोर गेटपास दिसायला लागला.

एवढ्यात यशोदाबाई स्वयंपाकघरातून सांडशी घेऊन आल्या. त्यांनी वायर सांडशीत धरली आणि एका हिसक्यात ओढून काढली. सगळं शांत झालं.

"हे कुठल्या खात्याचं काम होतं?" त्यांनी विचारलं.

मग जयसिंगने सोललेल्या जागी पट्टी गुंडाळून वायर परत जोडली, मी क्लिप पुन्हा आवळली, यावेळी हलक्या हाताने. बटण दाबलं, वाजला. सोडलं, थांबला. यशोदाबाईंना तर एवढा आनंद झाला की प्रत्येकाला दोन-दोन लाडू मिळाले. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी दापोडीला हवेतच तरंगत गेलो आणि कौशल्याला म्हणालो, आता काळजी मिटली.

सोमवारी दुपारी डबा खाल्ला. हॉर्न वाजला नव्हता, म्हणजे साहेब अजून घरीच होते. अख्खी शेड निर्धास्त पसरली. मीही खोक्यांच्या मागे अंग टाकलं. महिन्याभरात एवढी गाढ झोप लागली नव्हती.

जाग आली तेव्हा समोर काळे बूट होते. बुटांवर अण्णासाहेब.

"साहेब," माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "हॉर्न नाही वाजला?"

"झकास वाजतो की! म्हणून तर काल संध्याकाळीच गाडी विकली गेली. चाकणचे मारुतराव घेऊन गेले, कांद्याच्या बाजारात फिरायला. मुकी गाडी कुणी घेत नव्हतं, आणि घरात ही रोज माझ्यामागे लागली होती की अंगणातलं ते धूड घालवा."

"मग तुम्ही आलात कसे?"

"चालत. आता रोज चालतच येणार. प्रकृतीला बरं असतं."

मी उठून गेटपाससाठी हात पुढे केला. साहेबांनी त्या हातावर एक कागद ठेवला. पर्मनंटचा, खाली सही केलेला.

"घरात बाळ लहान आहे ना तुझ्या? धोंडीबाने सांगितलं. माझ्या जिवाची काळजी करणारा तू एकटाच निघालास, म्हणून या वेळेपुरतं सोडलं. बाकीच्यांची नावं मात्र येताना लिहून घेतली आहेत."

मी खोक्यांवरून पलीकडे पाहिलं. शेडमधले सगळे उठून उभे होते आणि माझ्याकडेच बघत होते. या वेळी त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो खरा होता.

संध्याकाळी बसस्टॉपवर जयसिंग म्हणाला, "भावा, पर्मनंट तू एकटा झालास, झोप मात्र साऱ्या डिपार्टमेंटची गेली."

वाटायला मी पेढे घेतले होते, ते तसेच पिशवीत ठेवून घरी गेलो.