थोरल्या जावयाचं स्कीइंग

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो. मी पडलो नाही. मी खाजवत होतो. तो व्हिडिओ ज्यांनी आमच्या फॅमिली ग्रुपवर पाहिला, आणि तिथून ढकलत ढकलत बुलडाण्याच्या आमच्या ऑफिसात साहेबांपर्यंत पोचवला, त्या सगळ्यांनी याची नोंद घ्यावी. (साहेबांना टेबलावरची फाईल महिनोन्‌महिने सापडत नाही. हा व्हिडिओ मात्र चहा यायच्या आत सापडला.)

आता पहिल्यापासून ऐका, आणि मग सांगा माझं काय चुकलं.

माझी बायको वंदना दुसरबीडची. तिची धाकटी बहीण जयमाला, आणि जयमालाचा नवरा चिन्मय, म्हणजे माझा साडू. पुण्यात असतो, मोठ्या कंपनीत आहे, कॉफी बिनसाखरेची पितो आणि वर ती आवडते म्हणून सांगतो. या चिन्मयनं जानेवारीत ग्रुपवर टाकलं, की पुढच्या महिन्यात दोन्ही घरांनी मिळून हिमाचलमधल्या एका स्की रिसॉर्टला जायचं. मी नुसता अंगठा पाठवला. माणूस अंगठा कशालाही पाठवतो हो! पण वंदनानं त्याच संध्याकाळी शेजारच्या सिंधूताईंकडून लोकरीचे मोजे मागून आणले, आणि विषय संपला.

इथवरही ठीक होतं. मग चिन्मयचा फोन आला.

"मार्तंडराव, तिथे तीन प्रकार आहेत. एक बिगिनर्स स्लोप. दुसरा क्लासिक ट्रेल, देवदारांच्या झाडीतून जाणारा, जुना, आखलेला मार्ग. आणि तिसरं नॅचरल टेरेन. तिथे काहीच आखलेलं नसतं, डोंगर जसा आहे तसा. मी आणि जयमाला क्लासिक ट्रेल करू. मग मी एकटा जरा नॅचरल टेरेन एक्सप्लोर करीन."

"आन आमी?"

"तुम्हाला ओवीच्या बॅचमध्ये टाकलंय."

ओवी ही माझी मुलगी. ती पहिलीत आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, थोरला जावई मी! दुसरबीडच्या घरात मी खाटेवर बसल्याशिवाय कोणी बसत नाही, आणि हा कालचा जावई मला लेकरांच्या रांगेत उभा करतो?

"हे पाहा चिन्मयराव," मी म्हणालो, "डोंगर आम्हाला शिकवू नका. आम्ही घाटावरची माणसं. माझं नाव नॅचरल टेरेनमध्ये लिहा."

"आधी कधी स्कीइंग केलंय?"

"त्याले काय करा लागते? उतार खाली जाते, आपण त्याच्यासंगं जातो."

बरीच घासाघीस होऊन क्लासिक ट्रेलवर तडजोड झाली. फोन ठेवला तर वंदना कमरेवर हात ठेवून समोर उभी.

"तुमाले बाथरूमच्या ओल्या फरशीवर चालता येत नाही. काऊन हट्ट करून राह्यले?"

"मी प्रॅक्टिस करीन."

"कुठं? बुलडाण्यात बर्फ फक्त रसवंतीत भेटते."

ही माझी हक्काची बायको. असो.

निघायच्या आदल्या रविवारी आम्ही दुसरबीडला गेलो. जवळच्या बीबी गावात नात्यातलं लग्न होतं, सासरवाडीच्या सगळ्यांनी मिळून जायचं होतं. माझे सासरे रामराव, म्हणजे आमचे मामा, दर वर्षी भाव वाढेल या आशेवर कापूस विकत नाहीत. घरातली सगळ्यात मोठी खोली कापसानं भरून ठेवतात. मी सहज त्या खोलीचं दार लोटलं आणि बघतच राहिलो. मागच्या भिंतीला पार आढ्यापर्यंत टेकलेला कापूस, तिथून उतरत उतरत थेट उंबऱ्यापर्यंत आलेला. पांढराशुभ्र! असा उतार रिसॉर्टच्या पत्रकातसुद्धा नव्हता.

मी लगेच कपाळ धरून खाटेवर आडवा झालो. "मामी, डोकं लय दुखून राह्यलं. तुमी या जाऊन. मी घर सांभाळतो."

"अवो, थोरल्या जावयाबिगर लग्नाले गेलं त लोक काय म्हनतीन?" असं म्हणत कोकिळामामींनी, म्हणजे सासूबाईंनी, सुंठ उगाळून माझ्या कपाळाला लावली. (डोकेदुखी खोटी असली तरी सुंठ खरी असते. डोळ्यांतून पाणी आलं, त्यामुळे सगळ्यांची खात्री पटली.)

गाडी फाट्याकडे वळली तसा मी उठलो. गोठ्यामागं एक मोडकं दार पडलं होतं, त्याच्या दोन फळ्या काढल्या. सायकलच्या जुन्या ट्यूबनं त्या पायांना बांधल्या. हातात दोन तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, घेतल्या. अंगातला सदरा काढून ठेवला, कारण खेळाडूचं अंग मोकळं पाहिजे. शिडीनं वर गेलो आणि बजरंगबलीचं नाव घेऊन स्वतःला सोडलं.

फळ्या जागेवरच राहिल्या. मी पुढं गेलो.

तोंडात, नाकात, कानात कापूस. पण मी हटणारा नव्हे! परत वर, परत खाली. तुराट्या पहिल्याच झटक्यात कडकड मोडल्या, मग मामांच्या दोन काठ्या घेतल्या. दुपार कलली तोवर मी न पडता उंबऱ्यापर्यंत यायला लागलो. (बसूनच. पण न पडता.) तेवढ्यात बाहेर गाडी वाजली. फळ्या गोठ्यात, सदरा अंगात आणि मी खाटेवर.

मामा कापसाच्या खोलीत डोकावले आणि दारातच थबकले.

"हा कापूस एवढा काऊन बसला बे?"

"वजनानं बसला असंल मामा," मी खाटेवरूनच म्हणालो. (यात तिळाएवढंही खोटं नाही. वजन कोणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.)

आता एक गोष्ट अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे, फक्त मी ऑफिसात जन्म घालवल्यामुळे मला माहीत नव्हती. साठवलेल्या कापसात खाजेचे बारीक किडे होतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण अंगाला लागले की माणूस नाचतो. रात्रीपासून मी नाचायला लागलो. शेगावहून गाडीत बसलो तेव्हा मी पाठ डब्याच्या दांड्याला घासत होतो, आणि समोरच्या बाई आपलं लेकरू माझ्यापासून लांब सरकवत होत्या.

"हे काय होऊन राह्यलं तुमाले?" वंदना म्हणाली.

"घामोळं."

"या थंडीत?"

खरं सांगायची सोय नव्हती. "त्याले काय करा लागते" असं चिन्मयला ठणकावून सांगणारा माणूस सासऱ्याच्या कापसावर गुपचूप घसरगुंडी खेळत होता, हे कळलं असतं तर थोरलेपणाची काय किंमत राहिली असती?

रिसॉर्टवर पोचलो. बनियन, त्यावर थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर कोट, हातात उशीएवढे मोजे. बाहेर सगळं गोठलेलं आणि आत माझी भट्टी. खाजेला ऊब लागली की ती काय करते, ते शत्रूलाही कळू नये.

तरीही, आणि हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगायला तयार आहे, क्लासिक ट्रेलचा पहिला टप्पा मी उभ्यानं उतरलो. उभ्यानं! देवदार दोन्ही बाजूंनी मागं पळत होते, वारा कानात शिट्ट्या मारत होता, आणि मला वाटलं, वा मार्तंडा, जिंकलास. त्याचा व्हिडिओ कोणी काढला? कोणीही नाही! तेव्हा चिन्मयराव जयमालाचे फोटो काढत होते.

मग दोन खांद्यांच्या मधोमध, जिथं देवानं माणसाचा हात मुद्दाम पोचू दिलेला नाही, तिथं खाज उठली. मी एक काठी सोडली. हात कॉलरमधून आत घातला. पोचला नाही. दुसरी काठी सोडून खालून घातला. आणि दोन्ही हात स्वतःच्याच पाठीवर असताना वळण आलं. ट्रेल डावीकडे गेला. मी सरळ गेलो.

नॅचरल टेरेन मी असा पाहिला. आधी एक झुडूप, मग एक खड्डा, मग बर्फच बर्फ. कमरेपर्यंत रुतून मी थांबलो, एक हात अजून कोटातच. वरून आवाज आला, "मार्तंडराव, एक्सप्लोर करताय का?" आणि मोबाईल माझ्यावर रोखलेला.

रिसॉर्टच्या माणसांनी मला घसरगाडीवर बांधून खाली आणलं. ओवी रडायला लागली. मला भरून आलं, म्हटलं, लेकीला तरी बापाची माया आहे. तर ती म्हणाली, "मला पण त्या गाडीत बसायचंय!"

परत आल्यावर मामा-मामींना अक्रोड द्यायला सगळे दुसरबीडला जमलो. चिन्मयनं तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मामा उपरण्यानं डोळे पुसत हसत होते. तेही मी सोसलं. पण मामी कळवळून म्हणाल्या, "अवो, जावईबापूले जमत नाही त त्याइले काऊन नेलं वरतं? लेकरायसंगं ठेवाचं ना!"

माझा संयम सुटला.

"जमते मामी, मले सगळं जमते! मी पडलोच नाही, खाजवत होतो! तुमच्या कापसाची खाज होती ते! तुमी बीबीले गेल्ते तवा त्या खोलीत फळ्या बांधून दिवसभर प्रॅक्टिस केली मी!"

वंदनानं ओढणी तोंडात कोंबली. मामा उठले, कापसाच्या खोलीत गेले. आत कापूस हातानं दाबून पाहत होते. संपलं, मी मनात म्हटलं. आजपासून या घरात चिन्मयच थोरला.

मामा बाहेर आले आणि माझ्याशेजारी बसले.

"तो कापूस तुमी दाबला?"

"हाव मामा."

"एकट्यानं?"

"हाव."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "देवासारखे भेटले जावईबापू. औंदा भाव भेटला, उद्या ट्रक भराचा हाये. वरतं चढून कापूस खुंदाले मानूसच भेटून नाई राह्यला, सगळे खाजेले भेतात. तुमाले त आता सवय होऊनच गेली."

थोरल्या जावयानं नाही म्हणायचं कसं? दुसऱ्या दिवशी मी ट्रकच्या हौद्यात छातीपर्यंत कापसात उभा राहून तो पायांनी तुडवत, म्हणजे खुंदत होतो. चिन्मय खाली खुर्ची टाकून शूटिंग करत होता. आणि रस्त्यानं जाणारा जो कोणी थांबून विचारी, "रामराव, वरतं कोन हाये हो?" त्याला मामा छाती फुगवून सांगत होते,

"आमचे थोरले जावई! खास हिमाचलात जाऊन शिकून आले!"