धुळाजीचा दात आणि गुलाबी साचा

आष्टीच्या धुळाजीने दातांच्या डॉक्टरीणबाईंना छाती काढून सांगितलं, "पुढचे तीन गेले ते गेले मॅडम, पण राह्यलेले दात म्हंजे लोखंड हाय! हलायचं नाव न्हाई!"

खरं म्हणजे त्या गेलेल्या तीन दातांच्या शेजारचा सुळा महिन्याभरापासून सैल खुंटीसारखा डुलत होता. पण ते सांगितलं तर बाई म्हणणार, आधी तो काढू. आणि धुळाजीला वेळ कुठे होता! लेकीचा, मनीषाचा, साखरपुडा बारा दिवसांवर आलेला. जालन्याच्या व्याह्यांपुढे बोळक्या तोंडानं बसायचं? बिलकुल न्हाई!

डॉक्टर प्रांजलीबाईंनी रबरी वाटीत गुलाबी पावडर पाण्यात भराभर कालवली.

"हे काय, पिठलं?" धुळाजी.

"माप घ्यायचं औषध. समुद्रातल्या शेवाळापासून करतात. याचा साचा निघाला की त्यावरून कवळी."

"शेवाळ? माझ्या तोंडा..."

पुढचा शब्द ट्रेखालीच राहिला. बाईंनी भरलेला ट्रे वरच्या जबड्यावर दाबला होता. "दोन मिनिटं हलू नका. नाकाने श्वास घ्या."

दोन मिनिटं! धुळाजी झोपेतसुद्धा इतका वेळ गप्प बसत नसे. त्याचे डोळे बटाट्याएवढे झाले. शेजारी त्याची बायको साखराबाई इतक्या शांततेनं सुखावून पदराने वारा घेत बसली.

मग बाईंनी हिसका दिला. फटक्! ट्रे बाहेर आला. साच्यात दातांच्या जागी छान खड्डे उमटले होते. एका खड्ड्यात मात्र अख्खा दातच होता!

"काका, हा हलत होता का?"

"ते राहू द्या!" धुळाजी खुर्चीतून उसळला. "मी दात बसवायला आलो, आन तुमी व्हता तो पन काढून घेतला?"

बाईंनी जखमेवर कापूस दाबून धरायला लावला. "आता हे भरू द्या. चार दिवसांनी नवं माप घेऊ."

"तो साचा द्या हिकडं! पुरावा हाय तो!"

"अहो, हवेत राहिला की आक्रसतो तो..."

पण धुळाजीने साचा ट्रेसकट रुमालात बांधला आणि थेट भाच्याकडे, अंगदकडे गेला. अंगद मंठा तालुक्याच्या बातम्या मोबाईलवर टाकायचा. त्याने मामाला भर उन्हात चौकात उभं केलं आणि व्हिडिओ सुरू केला.

"बोल मामा!"

धुळाजीने साचा उंचावला आणि गर्जना केली, "लोकहो, बघा हा अन्याय! सुई न्हाई, पकड न्हाई, इचारनं न्हाई! बघता बघता दात काढला! मला कळलं पन न्हाई! आन वरून दात काढायचा एक रुपया मागितला न्हाई. मागंल कशी? चोर कुठं पैशे मागतो का?"

संध्याकाळपर्यंत ही गर्जना तालुकाभर पसरली. साखराबाईने कपाळाला हात लावला. "आवं, सोयऱ्यांनी बघितलं तर? मोडतील की सोयरीक!"

तेवढ्यात फोन वाजलाच. व्याही रामराव! एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये सळई ओढणारा, आडदांड माणूस.

"व्याही, व्हिडिओ पाह्यला."

धुळाजीने ताठा सोडला नाही. "मंग? अन्याय हाय का न्हाई?"

"अन्यायाचं जाऊ द्या. खरंच कळलं न्हाई?"

"बिलकुल न्हाई!"

"पत्ता सांगा जल्दी. दोन महिने झाले, माझी दाढ हलून राह्यली. सुईच्या भीतीनं कुणाला बोललो न्हाई."

चौथ्या दिवशी धुळाजी नवं माप द्यायला गेला, तर दवाखान्याबाहेर मोटारसायकली आणि दोन टेम्पो! पायऱ्यांवर गाल धरून माणसं बसलेली. सगळ्यांत पुढे रामराव, धुळाजीच्या होणाऱ्या जावयासकट.

"काका, तुमचा नंबर तेविसावा," आतून निरोप आला.

"तेविसावा?" धुळाजी लालबुंद झाला. "ज्याचा दात गेला त्यालाच रांग? अंगद! काढ मोबाईल! आत्ताच्या आत्ता दुसरा व्हिडिओ!"

साखराबाईने अंगदच्या हातातला मोबाईल काढून कमरेला खोचला.

"गप बसा. आता बोललात तर पन्नासावा लागंल."

धुळाजी बसला. आणि या खेपेला तोंडात ट्रे नसतानाही दोन मिनिटं गप्प राहिला.