साधारण काळजी

मुलीला पाळणाघरात सोडून ती धापा टाकत ऑफिसात पोचली, तेव्हा विभागप्रमुख मॅडम तिच्याच खुर्चीपाशी उभ्या होत्या.

"एकच कलम तात्या पास करतात आणि मी फेटाळते," मॅडम म्हणाल्या. "समोरचे लोक आता मी रजेवर कधी आहे ते विचारून करार पाठवतात. करार तपासायचं एक प्लेबुक कर, नियमांचं पुस्तक. जे कलम चालेल ते हिरवं, जिथे घासाघीस करायची ते पिवळं, जिथे सरळ नाही म्हणायचं ते लाल. आणि हो, आता आणखी रजा नको. मग मला दुसरं माणूस बघावं लागेल."

कंपनीच्या कायदा विभागात ती सगळ्यात धाकटी वकील, बाळंतपणाच्या रजेवरून नुकती परतलेली. घरी मुलीला सांभाळणारं कोणी नव्हतं. तळमजल्यावर कंपनीचं पाळणाघर होतं, म्हणून नोकरी होती.

तिने जीव ओतून काम सुरू केलं. पण जवळजवळ प्रत्येक करारात एक वाक्य आडवं यायचं: काम करणारा साधारण काळजी घेईल.

"साधारण म्हणजे किती?" तिने तात्यांना विचारलं. तात्या विभागातले सर्वात जुने वकील, निवृत्तीला टेकलेले.

"चारचौघं घेतात तेवढी."

"चारचौघं काही घेत नाहीत, तात्या. माझा नवरा झोपताना गॅस बंद आहे का तेसुद्धा बघत नाही."

"मग ते नवऱ्याशी बोल. कराराला कशाला शिक्षा?"

तिने ते वाक्य लाल केलं. त्याच्या जागी घातलं: कोणतीही इजा झाल्यास अमर्याद जबाबदारी. अपवाद नाही. शेवटच्या पानावर आणखी एक नियम: कराराशिवाय बाहेरची व्यक्ती आवारात नको. पुस्तक पुरं झालं तेव्हा तात्यांनी पानं चाळली.

"याला गोवर आलाय," ते म्हणाले. मॅडमना मात्र फार आवडलं.

सर्वात आधी बिनसलं ते लिफ्टवाल्याचं. "तुमची माणसं दारात बोट घालणार, आणि मी घर विकायचं?" असं म्हणून त्याने देखभाल सोडली. लिफ्ट बंद पडली. सगळे जिन्याने पाच मजले चढू लागले. मग जिने पुसणाऱ्या कंपनीने पुसणं थांबवलं. ओल्या पायरीवरून कोणी घसरलं तर काय, असं त्यांचं म्हणणं. न पुसलेल्या पायरीवर सांडलेल्या चहावरून हिशेबनीस घसरले आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. जबाबदार कोण ते ठरेना, कारण करार कोणाशीच उरला नव्हता.

अशात पाळणाघराचा करार नव्याने करायची वेळ आली. तिची स्वतःची मुलगी तिथे, म्हणून तो तपासायला तात्यांकडे गेला.

"यातही 'साधारण काळजी' आहे, नियमाने लाल होतंय," तात्या म्हणाले. "करू का? बाई बिथरतील हं."

तिने लाल पेन त्यांच्यापुढे सरकवलं. आपल्या लेकराला खरचटलं तरी अमर्याद जबाबदारी, याला कुठली आई नको म्हणेल?

पाळणाघर चालवणाऱ्या बाई बिथरल्या नाहीत. जावयाला समोर बसवून त्यांनी कागद वाचून घेतला आणि सही करून पाठवला. शेवटी फक्त एक कलम वाढवलं होतं: सकाळी ताब्यात घेताना मुलाच्या अंगावर खूण दिसली, तर मूल घेतलं जाणार नाही, त्या इजेची जबाबदारी पालकांची, अमर्याद. कंपनीवर काही येत नव्हतं. तात्यांनी हिरवं केलं.

रविवारी ती पलंगावर लॅपटॉप घेऊन पुस्तकाची सुधारित आवृत्ती करत बसली होती. मुलीच्या तिन्ही बाजूंना उशा रचल्या होत्या. चौथ्या बाजूला ती स्वतः होती आणि तिचा एक हात मुलीच्या पायावर होता. 'कोणत्याही परिस्थितीत' हे शब्द ठळक करायला तिने तो हात उचलला.

सोमवारी पाळणाघराच्या दारात बाईंनी मुलीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं.

"कशाने?"

"पलंगावरून पडली. मी तिथेच होते."

"तिथेच होतात," बाई म्हणाल्या, मागे उभ्या असलेल्या दोघी आयांना नीट ऐकू जाईल अशा बेताने.

"अहो बाई, पोर आहे. एवढीशी नजर हटली. आणि साधारण काळजी घेतलीच होती की मी."

बाईंनी मुलीची पिशवी तिच्या खांद्याला परत अडकवली.

"साधारण म्हणजे किती?"

मग त्यांनी तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि मागच्या मुलाची हनुवटी धरली.

मुलीला कडेवर घेऊन ती पाच मजले चढली. तिसऱ्या मजल्यावर तो चहा अजून चपलेला चिकटत होता. वर मॅडमच्या केबिनचं दार उघडं होतं. तात्यांनी चष्म्यावरून आधी मुलीकडे पाहिलं, मग टेंगळाकडे, मग त्या दाराकडे.

"बाहेरची व्यक्ती आवारात," ते हळूच म्हणाले आणि नाइलाजाने पुस्तक पुढे ओढलं. "हिच्याशी करार आहे का आपला?"