वृंदावनावरचं कुंकू

दुपारी अडीच वाजता जयाताईंनी गॅलरीत पाहिलं आणि त्यांच्या काळजाचं पाणी झालं. सकाळी पूजेत तुळशीवृंदावनाला ओढलेली घरच्या कुंकवाची पाच बोटं साफ नाहीशी झाली होती. वारा नाही, पाऊस नाही, कुणाचा हात नाही. सवाष्णीनं लावलेलं कुंकू आपोआप पुसलं जावं, याचा अर्थ सांगायला जोशीबुवा लागत नाहीत.

आत यजमान, साईनाथराव, खुर्चीत डुलक्या घेत होते. जयाताईंनी त्यांच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता.

वृंदावन लेकीनं, चैतालीनं आणलेलं. खराडीला ती सिमेंटच्या प्रयोगशाळेत होती. "आई, याला पाणी मारलेलं नाही. बंद पेटीत कार्बन डायऑक्साइड देऊन पक्कं केलंय." जयाताईंना तेव्हाच खटकलं होतं. माणसानं टाकून दिलेला वायू, आणि तुळशीच्या घराला!

त्यांनी पुन्हा दाट कुंकू ओढलं. कुणाला बोलल्या नाहीत. अभद्र उच्चारू नये. फक्त जपाच्या वहीत देवाच्या कानावर घातलं: 'कडक ऊन. अडीचला पुसलं.'

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर दोनलाच! मग यजमानांची स्कूटर बंद झाली, भजी बंद झाली, दाढीचं पातं लपवलं गेलं.

"अहो, जिना उतरू नका."

"मग काय गॅलरीतून उतरू?"

"शुभ बोला हो!"

चौथ्या दिवशी त्या थेऊरच्या चिंतामणीला नवस बोलल्या. तोही वहीत लिहिला.

त्यात संध्याकाळी चैताली घरी आली की चपलासुद्धा न काढता वृंदावनाशी वाकायची, कुंकू नखानं खरवडायची आणि पांढरीफटक होऊन आत जायची. पोरीलाही कळलंय, याची जयाताईंना खात्रीच पटली.

अकराव्या दिवशी चैताली भरदुपारी आली. हातात हातोडी.

"बाजूला हो आई. याचा तुकडा काढून न्यायचाय."

"आधी मला फोड!"

"अगं, उद्या साहेबांना दाखवायचंय आणि हे सपशेल फसलंय! उन्हात डाग आपोआप जावेत म्हणून यात नॅनोकण घातलेत. अकरा दिवस झाले, तुझं कुंकू ढिम्म हलत नाही. नोकरी जाणार माझी!"

जयाताईंचा हात करंड्यातच राहिला. "हलत नाही? रोज दुपारी जातं की! मी परत लावते."

"परत? कशाला?"

"तुझ्या बाबांसाठी! आधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू कुंकू लावलं असतंस?"

जयाताईंनी वही पुढे केली. रोजचं ऊन, रोजची वेळ. नवव्या दिवशी: 'दिवसभर ढग. संध्याकाळपर्यंत टिकलं. देव पावला.'

"ऊन नाही तर काम नाही! आई, इतकं नेमानं तर आमच्याकडेही कुणी लिहीत नाही गं." चैतालीनं हातोडी टाकून आईला मिठी मारली.

"म्हणजे मी मरत नाहीये," साईनाथरावांनी चपलांत पाय सरकवले. "भजी घेऊन येतो."

"चपला काढा," जयाताई हळूच म्हणाल्या आणि चौथ्या दिवसाच्या पानावर बोट ठेवलं. 'चिंतामणी, एक दिवस टिकू दे, हे हडपसरहून थेऊरला अनवाणी चालत येतील.'

"अगं, ते ढगांमुळे टिकलं!"

"आणि ढग कुणी पाठवले? इतके दिवस तुम्हाला रस्त्यावर सोडायचं भय होतं. आता कसलं भय? उद्या पहाटे निघा."