पाण्यात बुडवून बघणारे मोकलकाका

माझ्या भावाच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले, तर मोकलकाकांनी ती उघडलीसुद्धा नाही. पाण्याच्या तांब्यात बुडवली, वर काढली, दोन बोटांत धरून चोळली आणि तिचा चिखल झाल्यावर म्हणाले, "हलकी हाय. मुलाकडचे चिकट दिसतात." मुलाकडचे म्हणजे आम्हीच! मुहूर्त मग मला तोंडी सांगावा लागला, आणि तोही त्यांनी संध्याकाळी माझ्या आईकडून पडताळून घेतला.

मोकलकाका आमच्या कंपनीत स्टोअरकीपर आणि अष्टमी गावात आमचे शेजारी, त्यामुळे माझी दोन्हीकडून सुटका नव्हती. कंपनी रोह्याच्या एमआयडीसीतली, लहानशी. माल एकच, कागदात घालायचं रेझिन. कागदाच्या लगद्यात हे थोडंसं मिसळलं की पुढे तो कागद भिजला तरी फाटत नाही. हात पुसायचे कागद, चहाच्या बुडवायच्या पुड्या, बाटल्यांवरची लेबलं, सगळ्यांना ते लागतं. मी लॅबमध्ये. कागदाच्या पट्ट्या भिजवायच्या, यंत्रात ताणायच्या आणि कितीला तुटल्या ते बघायचं, हे माझं काम. काकांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते फुकटात सगळ्या तालुक्यात सुरू केलं.

वर्तमानपत्र, प्रसादाची पुडी, दुकानाची पावती, काही म्हणून सुटायचं नाही. एकदा पेणच्या एसटीत त्यांनी स्वतःचं तिकीट बाटलीत बुडवून बघितलं आणि नेमका नागोठण्याला चेकर चढला. काकांनी त्याच्या हातावर लगदा ठेवला. चेकर भडकला, तर काकांनी उलट त्यालाच ओळखपत्र मागितलं. त्याने ते दाखवल्यावर बाटलीचं झाकण उघडायला लागले, तेव्हा मीच त्यांचा हात धरला. दंड मी भरला.

माणसांनाही हीच कसोटी. "ओल्यात कळतं, बाय," असं म्हणायचे. कंपनीत नवा माणूस आला की वर्षभर तो त्यांच्या लेखी "अजून कोरडा". मॅनेजर कोरडा, मी कोरडी, शेजारचा दूधवाला तर कायमचा कोरडा, कारण त्याच्या दुधात पाणी होतं. ह्यातला विनोद त्यांना कधीच कळला नाही. ड्रमचं सील ते तीनतीनदा बघत, आणि मी नमुना न्यायला गेले की माझ्या रिकाम्या हाताकडेही संशयाने बघत. मला असा राग यायचा!

ह्या सगळ्यातून एक माणूस सुटलं होतं, सुमनकाकी. काकी पेणच्या. रामवाडीत त्यांच्या भावाचा गणपतींचा कारखाना. सगळी मूर्ती तयार झाली की शेवटी डोळे काढतात, त्याला आखणी म्हणतात, आणि काकींच्या आखणीला पेणमध्ये मान होता. लग्नानंतरही भाऊ टेम्पोतून मूर्ती अष्टमीला पाठवायचा. काकी ओटीवर बसून डोळे काढायच्या आणि काका उंबऱ्यापलीकडे, हलायचेसुद्धा नाहीत. रंगावर त्यांचा संशय, ब्रशवर संशय, मेहुण्यावर तर होताच, पण काकींच्या हातावर कधी नाही.

त्या उन्हाळ्यात काकी आजारी पडल्या. भावाने एकच मूर्ती पाठवली, कागदाच्या लगद्याची, वीतभर उंचीची, घरच्या पूजेसाठी. तिचे डोळे काढायला त्यांना बरेच दिवस लागले. आषाढात काकी गेल्या.

सुतक फिटलं आणि काकांनी सांगितलं की घरचा गणपती चुकवायचा नाही, तोच बसवायचा, दीड दिवसाचा. मला बोलले, "बाय, तिच्या हातचा दुसरा काय नाय राहिला घरात. एवढे दोन डोळे हायेत." मी मान हलवली.

आणि त्याच आठवड्यात लॅबमधला रेझिनचा कॅन गेला. शोधून शोधून थकले. मग काकांची डब्याची पिशवी एका बाजूला ओढल्यासारखी दिसली, आणि गेटवर पिशव्या तपासणारे तर काकाच! माझं डोकंच फिरलं. आम्हाला जन्मभर कोरडं म्हणणारा माणूस स्वतः माल पळवतो? मी त्यांच्यावर पाळत ठेवली. सकाळी त्यांच्या परसात मूर्ती उन्हात उलटी ठेवलेली दिसली, पोकळ बूड वर करून. मला बघताच काकांनी तिच्यावर टोपली टाकली. म्हणाले, दमट झालीय. मी म्हटलं, हो का. काहीतरी शिजतंय एवढं कळलं, पण काय ते कळेना. विसर्जन होऊ दे, मग मॅनेजरला सांगायचं, असं ठरवून टाकलं.

आरतीला मी अगदी समोर उभी होते. लॅबची सवय, जे दिसेल ते बारकाईने बघते. काका मात्र देवाकडे बघतच नव्हते. कोण मूर्तीच्या जवळ जातंय, कोण बोट लावतंय, ह्यावरच त्यांची नजर. दोन दिवस त्यांनी कुणाला फुलसुद्धा नीट वाहू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कुंडलिका नदीवर विसर्जन झालं. काका कमरेएवढ्या पाण्यात गेले, तीनदा बुडवून मूर्ती सोडली. पाटावर वाळू घेऊन मंडळी परतली, काका आले नाहीत. मला शंका आलीच. मी परत घाटावर गेले.

पुलाच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी काठाशी संथ होतं, तिथे काका गळ्याएवढ्या पाण्यात चालत होते आणि त्यांच्यापुढे गणपती तरंगत होता. बुडतच नव्हता! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॅन विकला नव्हता. मूर्ती पाण्यात विरघळू नये म्हणून सगळं रेझिन तिच्या पोटात ओतलं होतं.

मूर्ती छातीशी धरून ते बाहेर आले. मी दिसल्यावर आधी त्यांनी वकिली सुरू केली. विसर्जन रीतीने झालंय, मंत्र म्हटलेत, आता पाण्यात सापडलेली वस्तू माणसाने घरी नेली तर दोष कुणाला? माझी नजर मूर्तीकडे होती. मग त्यांनीही ती फिरवून बघितली.

सोंड होती, कान होते, बोटं होती. कागद जराही सुटला नव्हता, आमच्या कंपनीच्या मालाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण रेझिन कागदाला धरतं, रंगाला नाही. सगळा रंग नदीने नेला होता. डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा कागद होता.

काका घाटाच्या पायरीवर बसले. अंगातून पाणी गळत होतं. त्या पांढऱ्या जागेवरून हळूच अंगठा फिरवत राहिले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

बऱ्याच वेळाने उठून त्यांनी वाळू घेतली, मूर्तीच्या पोटात भरली, पुन्हा पाण्यात गेले आणि हात जोडून ती खाली सोडली. ह्या वेळी ती बुडाली. परत येऊन माझ्याजवळ बसले.

"बाय, तू समोर होतीस ना आरतीला?"

"होते."

"मी लोकांचे हात बघत बसलो गो. कसे होते डोळे? सांग."

मी सांगितलं. डावा उजव्यापेक्षा किंचित लहान होता, बाहेरच्या कोपऱ्यात रेघ थोडी थरथरलेली. दोन्ही बुबुळं जराशी खाली, मोदकांच्या ताटाकडे लागलेली.

"व्हय," काका म्हणाले. "ती बोलायची, देवानं ताटाकडं बघावं. माणसाकडं बघत बसला तर माणूस घाबरतो." मग म्हणाले, "आणि उजवा?"

उजव्याचंही सांगितलं. पापणीवरची रेघ एका दमात ओढलेली होती, कुठे जोड दिसत नव्हता.

त्यांनी मान हलवली. ओल्या सदऱ्याने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत सांग. डाव्यापासून."