ओढ्यापलीकडचं घर

नोंग तेरोयचं, म्हणजे तेरोयकाकांचं, घर वीस माणसांनी ओढ्यापलीकडे नेऊन टेकवलं, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. त्या काळी बोहोल बेटावर घर बदलायचं म्हणजे घरच उचलायचं. बांबूच्या घराखाली लांब वासे घालायचे नि खांदा द्यायचा. ओढा दरसाल काठ खात चालला होता, म्हणून ही यातायात. वाटेत माणसं विधुर तेरोयला चिडवत गात होती:

खांद्यावर छप्पर, पायाखाली पाणी,
घर निघालं गावाला, घरात नाही राणी!

मग कोंबडी घातलेली पेज झाली. वाटी चाटत गावप्रमुख बेनिंग म्हणाला, "नोंग, आता तुम्ही दुसऱ्या मतदारसंघात हं. ओढा म्हणजेच हद्द. नाव इकडे लावून घ्या, आज शेवटचा दिवस."

तेरोयच्या हातातला डाव तसाच राहिला. निवडून कुणी का येईना, त्याचा जीव अडकला होता जुन्या शाळेतल्या बाकात. मतदार यादीत तुमापोन पासिंग, लगेच खाली तुमुलाक तेरोय. बारा वर्षं प्रत्येक निवडणुकीला मतदानाच्या नंबराची वाट बघत दोघं त्या बाकावर शेजारी बसत. पासिंग विधवा, केळीच्या पानातून गरम बिबिंका, तांदळाचा गोड केक, आणायची. "गोड झालाय का हो?" "झालाय की." एवढंच बोलणं. पण तेरोयला ते पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरायचं.

"उचला," तो म्हणाला.

"काय उचला?"

"घर. परत न्या."

"नोंग, पेज अजून घशात आहे!"

"आणखी एक कोंबडी कापतो!"

शिव्या देत, हसत वीस खांदे पुन्हा वाशांखाली गेले. घर ओढ्याच्या मधोमध आलं, नि मागच्या काठावरून हाक आली, "अहो, थांबा!"

पासिंग होती. दुसऱ्या मतदारसंघाच्या कचेरीतून धापा टाकत परतत होती. हातात कागद, अंगठा शाईनं जांभळा.

"घर कुठं चाललंय?"

"जुन्या जागी," तेरोय म्हणाला. "पलीकडच्या यादीत तू नाहीस ना."

"आहे की! आत्ताच नाव लावून आले. रविवारी चर्चबाहेर तुम्हीच नाही का सगळ्यांना सांगितलंत, पलीकडे जातोय म्हणून?"

"पण तू तर अलीकडे राहतेस. पत्ता काय दिलास?"

पासिंगनं पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवला नि कागद पुढे केला. राहण्याचं ठिकाण: तुमुलाक तेरोय यांचं घर.

"आता तुम्ही घरच पळवलंत, तर मी खोटी पडेन," ती पुटपुटली.

मग छपराखालून बेनिंग ओरडला, "नोंग, काय ते ठरवा! खांदे गेले आमचे!"

"वळवा," तेरोय हळूच म्हणाला.

"आणि तिसरी कोंबडी?"

"ती माझी," पासिंग म्हणाली, नि स्कर्ट खोचून घराच्या मागे चालायला पाण्यात उतरली.

घर वळलं. गाणंही वळलं:

खांद्यावर छप्पर, पायाखाली पाणी,
घर निघालं गावाला, मागून आली राणी!